चैत्रांगणाचे चौऱ्याऐंशी फोटो

कॅमेरा बंद केल्याशिवाय कार्ड काढायचं नाही. सेल उतरत आले असतील तर ‘एकच शेवटचा’ म्हणून फोटो काढायचा नाही. कार्ड दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात घालायचं नाही, आणि घालायचंच असेल तर आधी त्यातले फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे. आणि पडद्यावर काही भलतंसलतं दिसलं, तर कशालाही ‘हो’ म्हणायचं नाही. हे नियम मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझी लेक म्हणते, आई लग्नात आहेर म्हणूनसुद्धा नियमच देईल. म्हणू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आम्ही तेव्हा उज्जैनला माधव नगरात राहत होतो. नवरा बँकेत, त्याची बदली मंदसौरला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जायचा. लेक इंदूरला होस्टेलवर. त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मी शाळेत गणित शिकवायची. गणित शिकवणाऱ्या बायका तापट असतात असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो खरा होता.

सासूबाईंचं माहेर महेश्वरचं. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारात कारकुनी करायला दख्खनेतून आले आणि नर्मदेकाठचेच होऊन गेले. मी सांगलीची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं ‘पाणी येऊन राहिलं’, ‘बाई काम करून राहिली’ ऐकून मला हसू यायचं. पाचेक वर्षांत मीही तसंच बोलायला लागले, आणि चिडले की तर सरळ हिंदीत. रागाला हिंदी बरी पडते.

डिजिटल कॅमेरा माझ्या पुण्याच्या दिरानं दिवाळीला दिला. त्या वर्षांत देवास गेटकडे गेलं की दर महिन्याला एखादी नवी पाटी दिसायची, आज मोबाईलची, उद्या संगणकाच्या क्लासची. रंगीत फोटोंच्या दुकानांनी ‘डिजिटल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. पण आमच्या गल्लीत असा कॅमेरा पहिला आमचाच. सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “यात रोल कुठे आहे?” मी त्यांना टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड काढून दाखवलं. “एवढ्याशात दोनशे फोटो?” त्या म्हणाल्या, “आणि हे हरवलं तर?” मला त्या वेळी हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला.

त्याच दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग मी कप अर्धाच भरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आता हे असंच राहील, हळूहळू वाढेल, असं सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि बाहेर पडल्यावर मला एवढंच विचारलं, “चैत्र किती महिन्यांवर आहे गं?”

चैत्र म्हणजे चैत्रांगण. चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात एक मोठी रांगोळी काढतात. झोपाळ्यात बसलेली गौर, वर तोरण, भोवती सूर्य, चंद्र, शंख, गदा, कासव, नाग, गाय-वासरू, तुळस, फणी-करंडा, पंखा, अशी पन्नासाहून जास्त चिन्हं. बाजारात त्याची पुस्तकं मिळतात, बघून कुणालाही काढता येतं. पण सासूबाईंचं चैत्रांगण कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्या सुरुवातच खालून करायच्या. आधी पाणी, मग घाटाच्या पायऱ्या, मग पायऱ्यांना लागलेली एक शिडाची नाव, नावेत दोन बायका, आणि हे सगळं झाल्यावर वर देव. त्यांच्या आईचं तसं होतं, आईच्या आईचं तसं होतं. “आधी घाट, मग देव,” त्या म्हणायच्या. “घाट नसला तर देवापर्यंत जाणार कशी?”

मला रांगोळी येत नव्हती. ठिपके मोजून चार रेघा ओढणं वेगळं. सासूबाई ठिपके देतच नसत. चिमटीतून पूड सुटायची आणि नाव उभी राहायची. कुठून सुरू करता, किती वळवता, असं विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. “मला तोंडानं नाही येत,” म्हणायच्या, “हात जातो तशी मी जाते.” आता हातच जायला निघाला होता. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं की ह्यांच्या चैत्रांगणाचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढायचे. एक चिन्ह, एक-दोन फोटो. पुढच्या वर्षी फोटो समोर ठेवायचे आणि काढायचं. भूमितीची आकृती जशी पायरीपायरीनं काढतात तसं. मी माझ्या कल्पनेवर खूष होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी पहाटेच गेरूनं अंगण सारवून घेतलं आणि साडेपाचला बसल्या. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा सांगून मी समोर कॅमेरा घेऊन बसले. एरवी तासाभरात होणाऱ्या कामाला त्या दिवशी साडेतीन तास लागले. चार रेघा काढल्या की त्या हात मांडीवर घेऊन बसायच्या, दुसऱ्या हातानं दाबायच्या, थोडा थांबला की पुन्हा चिमूट भरायच्या. एकही रेघ वाकडी गेली नाही. मला वाटतं, थरथर येण्याआधीच्या क्षणी त्या रेघ ओढून घेत होत्या. मी प्रत्येक चिन्हाचा जवळून फोटो घेत गेले. त्र्याऐंशी झाले. राहिला फक्त सगळ्या अंगणाचा एक मोठा, तो ओट्यावर स्टूल ठेवून वरून घ्यायचा होता.

सेलची खूण केव्हाची लाल दाखवत होती. तरी मी स्टुलावर चढले, चौऱ्याऐंशीवा फोटो घेतला, आणि बाजूचा लाल दिवा लुकलुकत असतानाच कॅमेरा मेला. लेन्स अर्धी बाहेर, पडदा काळा. नेमक्या त्याच वेळी फाटकातून पहिल्या दोन बायका हजर. नऊची वेळ सांगितली की दहाला येणारं आमचं गाव, आणि ह्या बरोबर नवाला. माझं डोकं फिरलं. मी सेल काढून उलटेपालटे केले, पुन्हा घातले, काही होईना. मग रागारागानं कार्डही उपसलं, त्यावर फुंकर मारली, परत खुपसलं आणि कॅमेरा कपाटात टाकून पन्हं द्यायला गेले. हे मी इतकं तपशिलात सांगते आहे, कारण पुढे कित्येक दिवस मी हा भाग कुणालाच सांगितला नव्हता.

दुपारपर्यंत पन्नासेक बायका येऊन गेल्या. कैरीची डाळ संपली, भिजवलेले हरभरे संपले, आणि पदर-पावलांनी अर्धं चैत्रांगण पुसलं गेलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलं. ते तसंच असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. संध्याकाळी सासूबाई ओट्यावर मनगट दाबत बसल्या होत्या. मी कपाटातला कॅमेरा आणून त्यांना दाखवला आणि म्हटलं, “आता काळजी नाही, आई. पुढच्या वर्षी तुमचा हात नाही चालला तरी काही अडणार नाही. सगळं यात आहे.”

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या, आणि पितळेची भांडी आवरायला उठून गेल्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

खरं तर दुसऱ्याच दिवशी सेल आणून फोटो बघायला हवे होते आणि देवास गेटच्या लॅबमधून सीडीवर उतरवून घ्यायला हवे होते. पण परीक्षेचे पेपर आले. आज करू, उद्या करू, असं करता करता आठवडा गेला आणि शेजारच्या काकू आल्या.

या काकू आमच्या शेजारी बारा वर्षं. त्याही मराठी, मुलगी लग्नाची. त्यांचं घर बाजूला, एक मजला वर, आणि त्यांच्या गॅलरीतून आमचं मागचं अंगण दिसायचं. त्यांच्या-आमच्यात भांड्यांची इतकी जा-ये होती की कुणाचं कुठलं ते सांगता येऊ नये. त्यांची वाटी आमच्याकडे लोणचं घेऊन यायची आणि चटणी घेऊन परत जायची. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हा दोन्ही घरांचा नेम होता. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. काकू तर बादली परत देतानाही तिच्यात चार लिंबं घालून द्यायच्या.

“अगं, तुझं ते कार्ड दे ना आठ दिवस,” काकू म्हणाल्या. “भावानं नवीन कॅमेरा घेतला, पण त्याच्यासोबत आलेलं कार्ड एवढंसं आहे, पंधरा फोटोंत भरून जातं. मंगळवारी साखरपुडा आहे, इंदूरहून लोक येऊन राहिले.”

माझ्या मांडीवर दहावीचा गठ्ठा होता. “काकू, त्यात आईंच्या चैत्रांगणाचे फोटो आहेत. जागा भरपूर आहे, पण माझे पुसू नका.”

“पुसते कशाला? तुझ्या पातेल्याला कधी पोचा पाडला का मी?”

मी उठले, कार्ड काढलं, कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि पुन्हा पेपरला बसले. एका मुलानं वर्तुळाला चार बाजू आहेत असं सिद्ध केलं होतं.

काकू कार्ड परत घेऊन आल्या ते चांगल्या दोन आठवड्यांनी. कुंकवाच्या एका स्वच्छ डबीत कापूस घालून त्यावर ते ठेवलं होतं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या.

“तुझं हे कामात आलंच नाही बघ,” काकू म्हणाल्या. “भावानं लावलं तर मशीन म्हणे एरर. फॉरमॅट करू का विचारून राहिलं होतं, त्यानं हो म्हटलं.”

त्यांचा भाऊ इंदूरला एका कारखान्यात इंजिनिअर. यंत्र काही विचारत असेल तर होच म्हणायचं, असा त्यांचा खाक्या असावा.

“मग?” मी विचारलं.

“मग चालू झालं. पण त्याचा काही भरोसा बसेना. त्यानं तुरंत दुसरं आणवलं. तुझं आमच्या कपाटातच होतं. कॅमेरा तो माझ्याकडे ठेवून गेला, शिकून घे म्हणे लग्नापर्यंत. मी म्हटलं, कार्ड रिकामं कसं परत देऊ? थोडे फोटो घातले त्यात.”

“काय घातलं?”

“फोटो गं. एकतीस आहेत. माझा मोगरा आहे, गल्ली आहे, कैरीचे वडे केले ते आहेत. तुमच्याकडचेही आहेत.”

मी पुढचं ऐकलं नाही. “आणि माझे?”

“तुझे कुठे होते? भाऊ म्हणाला, साफ आहे. मला वाटलं, तू काढून घेतलेस.”

मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, तरी एक वाक्य लिहिते, म्हणजे माझा स्वभाव कळेल. “काकू, कार्ड म्हणजे काय लोणच्याची वाटी आहे का? अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही?” काकूंचा चेहरा उतरला. त्या वयानं माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या. त्या जिना चढून गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच आमच्याकडून चहा न घेता.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिक्षा करून सरळ देवास गेटला गेले. तिथल्या लॅबचा मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोटांची नखं जुन्या रसायनांनी कायमची पिवळी पडलेली. आयुष्यभर त्यानं अंधाऱ्या खोलीत रोल धुतले होते आणि आता संगणकासमोर बसत होता. मी त्याला सगळी कहाणी सांगितली, म्हणजे काकूंच्या भावापासून पुढची.

तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “मैडम, फॉरमैट से माल नहीं जाता. समझो गोदाम का रजिस्टर फट गया. माल अंदर ही पड़ा है, बस पता नहीं कौन-सी चीज़ कहाँ है. मेरे पास सीडी है, वो एक-एक बोरी खोलके देख लेती है. पर आपने तो ऊपर से नया माल रखवा दिया. जितना नया आया, उतना पुराना दब गया.”

“एकतीस फोटो,” मी म्हटलं.

“तो एकतीस की आस छोड़ दो. कार्ड में गड़बड़ दिखे तो पहला काम, कुछ नहीं करना. कैमरा बंद, कार्ड बाहर, डिब्बी में. हम लोग वही नहीं करते.”

त्यानं कार्ड संगणकाला जोडलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मी स्टुलावर बसून भिंतीवरचे पासपोर्ट फोटो बघत राहिले. अर्ध्या तासानं त्यानं सहज विचारलं, “वैसे एरर आया क्यों? कार्ड तो नया लगता है. आख़िरी फोटो के टाइम कुछ हुआ था?”

मग मी सांगितलं. लाल सेल, लुकलुकणारा दिवा, उपसलेलं कार्ड, फुंकर, सगळं.

“फिर तो भाई साहब की गलती कहाँ है?” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “कार्ड लिख रहा था, आपने हाथ से कापी खींच ली. रजिस्टर तो उसी दिन ख़राब हो गया था. उनके कैमरे ने तो बस पूछा.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वर्गात एखाद्या मुलानं उत्तर चुकून वर पुस्तक चुकलं म्हटलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दोन तासांनी बावन्न फोटो मिळाले. चौऱ्याऐंशीवा, सगळ्या अंगणाचा, वरच्या तोरणाची एक पट्टी आणि खाली नुसता राखाडी रंग. सुरुवातीचे एकतीस गेले ते गेलेच. त्यानं बावन्नही मला एकेक करून दाखवले. गौर होती, झोपाळा होता, सूर्य-चंद्र, कासव, नागाची जोडी, गाय-वासरू, फणी-करंडा, सगळं स्वच्छ. सासूबाई देव शेवटी काढायच्या, म्हणून देव वाचले. पाणी, पायऱ्या, नाव आणि नावेतल्या बायका पहिल्या एकतिसात होत्या. एका फोटोच्या खालच्या कोपऱ्यात शिडाचं टोक तेवढं दिसत होतं, नखाएवढं. जे बाजारात कुठल्याही पुस्तकात मिळालं असतं ते सगळं मला परत मिळालं होतं.

“ये बाद वाले इकतीस भी हैं,” तो म्हणाला. “रखूँ या उड़ा दूँ?”

“उड़ा दो,” मी म्हटलं.

“देख तो लो. किसी ने खींचे हैं.”

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं ते उघडले. मोगरा. मोगरा, जरा जवळून. गल्लीतली गाय. ताटातले वडे, हललेले. काकूंचं स्वतःचं पाऊल, बहुधा चुकून. मग वरून घेतलेलं एक अंगण. ते ओळखायला मला एक क्षण लागला. आमचं मागचं अंगण होतं, हौदाजवळची काळी फरशी, आणि फरशीपाशी सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या.

असे नऊ फोटो होते. एकाच दिवसाचे नव्हेत, कारण लुगडी वेगळी होती. हिरवं, चॉकलेटी, पुन्हा हिरवं, मग ते विटकं निळं. सावल्यांवरून वेळ सकाळची नवाच्या सुमाराची, म्हणजे मी शाळेत असतानाची. पहिल्या दोन-तीन फोटोंत त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. पुढच्या फोटोंत उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता आणि चिमूट डाव्या हाताची होती. फरशीवर काय काढलंय ते इतक्या वरून नीट कळत नव्हतं. एका फोटोत मात्र एकाखाली एक तीन आडव्या रेघा दिसत होत्या, वेड्यावाकड्या, पहिलीतल्या पोरानं काढाव्यात तशा. शेवटच्या फोटोत त्या तळहातानं फरशी पुसत होत्या.

“माताजी हैं?” लॅबवाल्यानं विचारलं.

मी मान हलवली. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी त्यांना काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. मी एका बाईला तिच्या तोंडावर सांगितलं होतं की आता तुझा हात लागणार नाही. आणि ती तेव्हापासून, मी शाळेत गेले की मागच्या दारी बसून, त्या हाताला, मग दुसऱ्या हाताला, वळण लावत होती. मला फार लाज वाटली. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, डोळ्यांत पाणी आलं. लॅबवाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उगाचच सीडीवर काहीतरी लिहायला लागला. ‘उड़ा दूँ’ त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझे बावन्न आणि काकूंचे एकतीस, असे त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी फोटो त्यानं दोन सीड्यांवर उतरवून दिले आणि एक शाळेत ठेवा, एक घरी, असं बजावलं.

घरी जाण्याआधी मी काकूंचा जिना चढले. त्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मी कार्ड माझ्याच हातून बिघडलं होतं असं सांगितलं आणि माफी मागितली. “तुझं तोंड मला नवीन आहे का?” त्या म्हणाल्या. “बस, चहा घे.”

“काकू, आई मागे रांगोळी काढत बसतात हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. “तुला माहीत नव्हतं? रोज तर बसते ती. मला वाटलं, तुमच्याच घरात होऊन राहिलं, तुला माहीतच असेल.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा कळवली. सासूबाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे, उगीच. त्या जरा अस्वस्थ दिसल्या. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, त्या स्वयंपाकघरातच घुटमळत राहिल्या. शेवटी मीच रांगोळीचा डबा घेऊन मागच्या दारी गेले आणि फरशीपाशी बसले. थोड्या वेळानं त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आई, मला घाट आणि नाव शिकवा.”

“ते फोटोत आहे ना?”

“नाही. गेले ते फोटो. माझ्याच हातून गेले.”

रागावतील, निदान हळहळतील, असं मला वाटलं होतं.

“आणि देव?” त्यांनी विचारलं.

“देव सगळे आहेत.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून माझ्या शेजारी खाली बसल्या. “मांडी नको घालू. उकिडवी बस, नाहीतर हात पुढे जात नाही.”

मी चिमूट भरली आणि पहिली पायरी ओढली. बोटाएवढी जाड आली, शेवटी पुडीचा ढीग. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि थोडं वर उचललं. उजवा हात त्यांच्या मांडीवर आपला आपण हलत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत नव्हतो.

“मी आधीच विचारायला हवं होतं,” मी म्हटलं.

“तुला या घरात येऊन सतरा वर्षं झाली,” त्या फरशीकडे बघतच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होत्या. “दर चैत्रात वाटायचं, आज बसेल, आज बसेल. तू यायची, छान झालं म्हणायची आणि शाळेत निघून जायची. या वर्षी समोर येऊन बसली, तर मला वाटलं बसली बाई शेवटी. पाहिलं, तर डोळ्याला कॅमेरा लावून राहिली होती.”

त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

“पूस ती,” त्या म्हणाल्या. “खालची पायरी रुंद पाहिजे. भरलेला हंडा घेऊन बाई वर येते, तिला पाय ठेवायला जागा नको का?”

मी तळहातानं पायरी पुसली आणि पुन्हा चिमूट भरली.